जुनं इलॅस्टिक

बनूबाईच्या जिभेला अख्खं कुळगाव टरकून असे. बाई चौथीतून उठलेली, पण तलाठ्यालाही तिने दारातून परत धाडलेलं. तिची नात जिज्ञासा कॉम्प्युटरवर रेणूंची थरथर मोजून रसायनांची क्रिया किती वेगाने होईल ते काढायची. "थरथरच मोजायची तर माझे गुडघे मोज," बनूबाई म्हणायची.

त्या शनिवारी पोर जेवेना. तिचा बाप कमळाकर अंबरनाथच्या केमिकल कंपनीत रिअॅक्टरवर होता. सोमवारी नव्या मालाची पहिली बॅच लागणार होती.

जिज्ञासाने दोरीवरची बापाची हाफपँट ओढली. "आजी, कंपनीच्या हिशोबात प्रत्येक इलॅस्टिक नवंकोरं. जेवढं ताणाल तेवढ्या जोराने मागे येणार. खरं इलॅस्टिक ताणता ताणता सैलावतं. रेणूतले बंधही तसेच. ते सैल धरून मी हिशोबात थोडी थोडी दुरुस्ती केली, तर क्रियेचा वेग तिप्पट निघतो. माल भडकेल. त्यांचं थंड पाणी पुरणार नाही."

हे बनूबाईला कळलं. "मग सांग की कंपनीत."

"दोन मेल केले. उत्तर नाही. बाबांचा सुपरवायझर हसला. कंपनीचे आताचे मॅनेजर शशिकांत साहेब उद्या घरी असतील, त्यांना दाखवून येते."

बनूबाईचा निवडता हात सुपात थांबला. कंपनीसाठी शेत गेलं तेव्हा याच शशिकांतचा बाप मॅनेजर होता. त्याने तिच्या नवऱ्याला आपल्या घराच्या पायरीखाली तासभर उन्हात उभं केलं, पाणीसुद्धा विचारलं नाही. त्या दिवशी तिने गावदेवीपुढे नारळ ठेवून शपथ घेतली, आपल्या घरचं कुणी ती पायरी चढणार नाही. शेताच्या बदल्यात मिळालेली नोकरी तिला चालली. ती हक्काची. पायरी लाचारीची.

"नाय जायचं."

"आजी, बाबा तिथे उभे असतात गं."

"बाप वीस वर्षं उभा हाय. तुझा कागद कालचा. ती पायरी चढलीस तर माझ्या तोंडात शेवटचं पाणी घालायला येव नको."

कमळाकर ताटावरून हसला. "आईचं ऐक गो बाय." त्याने जन्मभर तेच केलं होतं.

रविवारी जिज्ञासा खांद्याला बॅग लावून ओटीवर बसली, ती दिवेलागणीला उठली. बॅग खुंटीला गेली.

सोमवारी दुपारी रिअॅक्टर उसळला. कमळाकरचे दोन्ही डोळे गेले.

महिन्याने शशिकांत साहेब स्वतः आले. चपला बाहेर काढून सतरंजीवर बसले. "मावशी, आधी कुणी सांगितलं असतं तर बॅच थांबवली असती."

"पोरीने दोन मेल धाडले होते," बनूबाई फणकारली.

"माझ्यापर्यंत शंभरातले दोन येतात. घरी यायचं ना. आमचं दार कधी बंद नसतं."

खरं की खोटं, आता कोण बघणार? जिज्ञासाने साहेबांपुढे पाण्याचा तांब्या ठेवला. आजीकडे बघितलंही नाही. साहेब घटाघटा प्यायले.

आतून कमळाकरने विचारलं, "आई, कोण आलंय?"

"कुणी नाय रे," बनूबाई म्हणाली.