चष्मेवाल्या माशातला भाऊ

अर्जुनी मोरगावात कुणाच्या धानाच्या बांधीवरचा पंप जळला की तो माणूस आधी नशिबाला शिव्या घालतो आणि मग सायकलच्या कॅरियरवर मोटार बांधून खुशाल रामटेकेच्या वाइंडिंगच्या दुकानात आणतो. खुशाल तिला उघडून नुसता वास घेतो आणि काय झालंय ते सांगतो. मोटारीच्या बाबतीत त्याचा शब्द खाली पडत नाही. आता अशा माणसानं नाद करावा तर कशाचा? घरात भीमगीतांचा वारसा, वडील पेटी वाजवायचे, तबला अजून माळ्यावर आहे. पण गडी जाऊन पडला इंग्रजी रॉकच्या काळ्या तबकड्यांच्या प्रेमात.

हे लफडं सुरू झालं १९९९ च्या उन्हाळ्यात. गोंदियाच्या रेल्वे कॉलनीतला एक म्हातारा अँग्लो-इंडियन गार्ड लेकीकडे ऑस्ट्रेलियाला निघाला होता. खुशाल त्याचा जुना कूलर घ्यायला गेला. कूलर खपल्याच्या खुशीत साहेबानं एक खोकाभर तबकड्या आणि मोटार जळालेला प्लेअर त्याच्या गळ्यात मारला. बायकोला काय सांगायचं या विचारातच खुशाल बल्लारशाच्या गाडीत बसला.

घरी येऊन त्यानं तबकड्यांची पाकिटं बघितली आणि बघतच बसला. त्यांच्यावरची इंग्रजी अक्षरं उन्हात ठेवलेल्या गुळासारखी वितळलेली, एक नाव धड वाचता येईल तर शपथ. म्हणून त्यानं चित्रांवरून आपली नावं ठेवली. एकावर चार लांब केसवाले गडी जिन्यावर बसलेले, ते ‘चार जटाधारी’. एकावर भर रस्त्यात टबात बसून आंघोळ करणारा माणूस, तो ‘न्हाणीवाला’. एक ‘पेटती छत्री’. आणि एका पाकिटावर चष्मा लावलेला मासा. त्या पाकिटाची मागची बाजू वाळवीनं साफ खाल्लेली होती, त्यामुळे गाणारा कोण, वाजवणारा कोण, काही पत्ता नव्हता. हीच पुढे त्याच्या जिवाची तबकडी झाली.

प्लेअरला नवी मोटार बसवणं म्हणजे त्याच्या डाव्या हाताचा खेळ. कूलरच्या पंपाची मोटार, सायकलच्या ट्यूबचा कापून केलेला पट्टा आणि एक पुली. प्रश्न एकच होता, फिरवायचं किती जोरात? प्लेअरवर ३३ लिहिलेलं होतं, पण खुशालला वाटलं तो गार्डसाहेबाचा क्वार्टर नंबर असेल. रेल्वेवाले सगळ्यावर नंबर टाकतात. मग त्यानं स्वतःची अक्कल चालवली. गाणं इंग्रजीत आहे, आपलं इंग्रजी दहावीचं, तेही गाइड वाचून. तेव्हा इंग्रजी आपल्याला समजेल एवढ्या हळू फिरवायचं! पुल्या बदलत बदलत तो अशा ठिकाणी आला जिथे ‘रोड’, ‘रेन’, ‘कम बॅक’ असे शब्द सुटे सुटे कानात पडायला लागले. तिथे त्यानं पुली पक्की केली आणि स्वतःची पाठ थोपटली.

अशा रीतीनं जगातलं रॉक संगीत अर्जुनीत आलं ते बैलगाडीच्या चालीनं. खुशालचं त्यावर मोठं चिंतन होतं. न्हाणीवाल्यातली गिटार म्हणजे घाट चढताना लो गिअरमध्ये कण्हणारी एसटी, आणि त्यात ड्रायव्हरचं कसब लागतं, असं तो सांगायचा. चार जटाधारींचा ढोलवाला एक थाप मारून दुसरीपर्यंत एवढा थांबतो, कारण त्याला घाई नाही, तो साधक आहे. पेटत्या छत्रीबद्दल तो फार बोलत नसे, ती त्याला अजून पूर्ण समजली नव्हती.

पण चष्मेवाल्या माशातला गायक! त्याचा आवाज विहिरीच्या तळातून यायचा, जाडजूड, दमलेला, दुःखानं भरलेला. खुशालनं हिशेब लावला होता की हा धिप्पाड माणूस असणार, वय पन्नाशीचं, आणि बायको गेलेली. ‘कम बॅक’ म्हणून बोलावतो बिचारा, पण ती येत नाही. दुसऱ्या गाण्याच्या शेवटी तर तो गाता गाता थांबायचा आणि हुं… हुं… हुं… करून रडायचा. त्या जागेला खुशालच्या डोळ्यांत दर वेळी पाणी यायचं. तो त्याला नुसतं ‘भाऊ’ म्हणायचा. वडील गेले त्या साली महिनाभर तो रोज या भावाजवळ बसला होता. त्याला सख्खा भाऊ नव्हता, आणि खरं सांगायचं तर या भावाएवढं त्याला कुणीच समजून घेतलं नव्हतं, असं त्याचं मत होतं.

त्याची बायको नीला. तिचं मत वेगळं होतं.

नीला शिलाईचे क्लास घ्यायची. मुली वाढत चालल्या होत्या, मशिनी ओसरीत मावत नव्हत्या आणि मागची चांगली खोली या तबकड्यांनी अडवलेली. वर त्या आवाजाचा त्रास. दर रविवारी घरातून असं कण्हणं बाहेर पडायचं की नवा माणूस दारात थबकायचा. शेजारचा गोवर्धन तर एकदा खांद्यावर दुपट्टा टाकून, चेहरा पाडून आला आणि विचारता झाला, “कोन गेलं गा?” बांबू आणायला माणूससुद्धा पाठवून आला होता.

२००९ च्या दसऱ्याला दोघं दीक्षाभूमीवर जाऊन आले आणि घरात पाय ठेवल्याठेवल्या नीलानं विषय काढला.

“दिवाळीनंतर नव्या पोरी येऊन राहिल्या. मले ती खोली पायजे.”

“अन् माह्या तबकड्या?”

“भंगारवाल्याले सांगतलं हाय मी.”

खुशाल खाली बसला. त्याचा चेहरा पाहून नीलाला जरा दया आली, पण थोडीच. “बरं, एक काम करा,” ती म्हणाली. “गावातलं, बाहेरचं, कोनी बी एक मानूस आना. त्यानं एक बाजू पुरी ऐकाची. झोपाचं नाही, उठाचं नाही. ऐकली, तं राहू द्या तुमच्या तबकड्या. नाही तं भंगार.”

“हे तं काहीच नाही!” खुशाल म्हणाला.

हे किती आहे ते त्याला पुढच्या रविवारी कळलं. त्याचा जुना दोस्त सुखराम दर रविवारी नेमानं गाणी ऐकायला यायचा. त्याला समोर बसवलं, नीला दाराशी उभी राहिली. पहिलं गाणं संपायच्या आत सुखराम घोरायला लागला. तेव्हा कुठे खुशालला समजलं की हा इतकी वर्षं कशाला येत होता. सुखरामला जागं करून विचारलं तर तो म्हणाला, “घरी झोप लागत नाही गा मले. अठी बेस लागते.”

दुसरा मुन्नालाल, चौकातला चहावाला. तो गाढ झोपणाऱ्यातला नव्हता. तो डोळे मिटून, हात जोडून ऐकत होता, पण भाऊ रडायच्या आधीच उठला. “भैया, माफ करना,” तो म्हणाला, “इतना दुख अपने से नहीं होता. मेरी तो चूल्हे पे दूध की गंजी भी चढ़ी है.” आणि गेला.

भंगारवाला पुढच्या रविवारी येणार होता. खुशालचं कामात लक्ष लागेना. भाऊ तराजूत पडलाय, असं त्याला दिवसाढवळ्या दिसायला लागलं. शेवटी त्यानं नीलाच्या बहिणीच्या मुलाला, राजदीपला फोन लावला. हा नागपूरचा पोरगा गोंदियाजवळच्या बिरसीला विमान चालवायला शिकत होता, आणि कानात सदा वायर घातलेली असायची. “रॉक आवडते का गा तुले?” विचारल्यावर तो म्हणाला, “काका, जीव आहे माझा!” खुशालला वाटलं, जिंकलो.

रविवारी सकाळच्या गाडीनं राजदीप आला. मावशीच्या हातचे पोहे खाऊन मागच्या खोलीत बसला. सुखराम आणि मुन्नालाल साक्षीला. भंगारवाला बाहेर ठेल्यावर बिडी पीत थांबलेला. खुशालनं माशाचं पाकीट उघडलं, तबकडी सदऱ्यानं पुसली आणि सुई ठेवली.

भाऊ गायला लागला. राजदीपनं आधी प्लेअरकडे बघितलं, मग वरच्या पंख्याकडे.

“काका, व्होल्टेज कमी आहे का?”

“फुल हाय.”

“मग हे असं काय चाललंय?”

“असं म्हंजे?”

“म्हणजे… हळू.”

“हळू नाही, गंभीर हाय,” खुशाल म्हणाला. “मन लावून ऐक. याची बायको गेली.”

राजदीपनं थोडा वेळ मन लावलं. मग त्याची नजर त्या ३३ वर गेली, तो हसला आणि म्हणाला, “काका, हे मिनिटाला तेहतीस वेळा फिरायला पाहिजे. तुमचं वीस-बावीस फिरतंय.” आणि खुशाल ‘हात नको लावू’ म्हणेपर्यंत त्यानं बोट लावून चकती पुढे ढकलायला सुरुवात केली.

भाऊ हलला. आवाज विहिरीतून वर यायला लागला, पहिल्यांदा पायरीपर्यंत, मग काठापर्यंत, आणि मग काठावरून उडी मारून बाहेर आली ती एक पोरगी. विशीतली असेल. खणखणीत आवाज, मागे ढोल धडाधड, गिटार तर कुत्रं मागे लागल्यासारखी पळत होती.

“हे कोन बाई हाय?” सुखराम दचकून उठून बसला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा पूर्ण जागा झाला होता.

खुशालनं पाकीट उलटंपालटं करून बघितलं, भाऊ कुठे गेला म्हणून. पण तो मोटारीचा माणूस होता. चुकीच्या चालीवर फिरणारी मोटार डोळ्यांनी बघितल्यावर त्याला गप्प बसता येईना. त्यानं पुल्यांचा डबा उघडला, मोठी पुली काढली, बसवली, पट्टा ओढला आणि सुई पुन्हा पहिल्यापासून ठेवली. मनात कुठेतरी वाटत होतं, भाऊ परत येईल. आली पोरगीच. आणि दुसऱ्या गाण्याच्या शेवटी, जिथे भाऊ रडायचा, तिथे ती खिदळली. एवढंच होतं ते. कुणीतरी काहीतरी विनोद केला असणार आणि ती हसली होती. या हसण्यावर खुशालनं दहा वर्षं डोळे पुसले होते.

त्यानं मान वर केली तेव्हा दारात नीला उभी होती, पहिल्या गाण्यापासून ऐकत. हातात कात्री, गळ्यात टेप. “कोन गाऊन राहिली जी?” म्हणत ती आत आली, कापडाच्या गठ्ठ्यावर बसली आणि मांडीवर बोटांनी ठेका धरला. सुखराम ‘आता काही झोप लागत नाही’ म्हणून कुरकुरत निघून गेला. राजदीपला फोन आला, तो बाहेर गेला. मुन्नालालची दुधाची गंजी होतीच. नीला मात्र हलली नाही. बाजू संपली, सुई खरखरायला लागली, तेव्हा तिला भान आलं. तिनं खोलीत नजर फिरवली. झोपली नव्हती, उठली नव्हती, आणि पैज तिनंच लावली होती.

“आता शब्द म्हंजे शब्द,” ती लाजून म्हणाली. “राहू द्या.”

भंगारवाल्याला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं म्हणून तिनं दुकानातलं पडीक सामान त्याच्या ठेल्यावर टाकलं. त्यात ती जुनी पुलीही गेली.

दिवाळीनंतर क्लास मागच्या खोलीतच सुरू झाला, तबकड्यांसकट. चार जटाधारी धावायला लागले की पोरींचे पाय मशीनवर असे चालत की ब्लाउज दिलेल्या वेळेच्या आधी तयार. न्हाणीवाल्यावर फॉल पिको आणि पेटत्या छत्रीवर काजं. गावात नीलाचं नाव झालं.

आणि खुशाल? तो पैज जिंकला होता, पण त्याचा भाऊ मेला होता. मेला असता तरी बरं, मुळात नव्हताच. हे दुःख सांगायचं कुणाला? मुन्नालाल एकदा दुकानात आला आणि “अच्छे आदमी थे” म्हणून चहा ठेवून गेला, तेवढाच काय तो आधार. खुशाल मागच्या खोलीत पाय ठेवेना. जेवणावर वासना राहिली नाही. एका मोटारीला तर त्यानं चक्क उलटं कनेक्शन दिलं, आणि असं त्याच्या हातून कधीच झालं नव्हतं.

त्या मोटारीची गोष्ट नीलाच्या कानावर आली. तिनं त्या दिवशी दुपारी पोरींना लवकर सोडलं आणि दुकानात जाऊन नवऱ्याला हाक मारली. “जरा या बरं घरी.”

“कायले?”

“या म्हनलं ना.”

तिनं त्याला मागच्या खोलीत बसवलं. चष्मेवाल्या माशाची तबकडी लावली. पोरगी जोरात गायला लागली तसा खुशाल उठू लागला. “बसा,” नीला म्हणाली. मग तिनं शिवताना घालायचं टोपण बोटात चढवलं आणि चकतीच्या कडेला अलगद टेकवलं. जरा जोर दिला. पोरगी अडखळली, तिचा आवाज उतरत उतरत गेला, काठावरून पायरीवर, पायरीवरून तळाशी.

“कम… बॅक…” भाऊ म्हणाला.

खुशालनं डोळे मिटून घेतले. नीलाचा हात भरून येत होता, पण तिनं बोट हलू दिलं नाही. पहिलं गाणं गेलं, दुसरं गेलं. भाऊ थांबला आणि रडला, हुं… हुं… हुं… ते हसणं आहे हे दोघांनाही माहीत होतं. तरी खुशालच्या डोळ्यांत पाणी आलंच, आणि या वेळी ते भावासाठी होतं की समोर बोट धरून बसलेल्या बाईसाठी, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

तेवढ्यात दारात सावली पडली. खांद्यावर दुपट्टा, चेहरा पाडलेला. गोवर्धन.

“कोन गेलं गा?”

“कोनी नाही गेलं, भाऊजी,” नीला बोट न उचलता म्हणाली. “ह्यांचा भाऊ आला हाय. बसा. पन बाजू पुरी ऐका लागते, मधात उठाचं नाही.”