वृषांगचा खांदा

सोमवारी सकाळी सोमेश्वर सरांचा मेसेज आला, "वंदनाताई, वृषांगबद्दल बोलायचं आहे. कॅमेरा चालू ठेवून बसा." तेव्हाच मला कळायला हवं होतं. कौतुक करायचं असतं तेव्हा माणसं कॅमेऱ्याचं बोलत नाहीत.

वृषांग हा मोबाइलवरच्या एका खेळातला राजा. खेळ काढणारी कंपनी पुण्याची. डोकं आणि मान बैलाची, छातीपासून खाली माणूस. "हा जंगलाचा राजा आजवर कुणापुढे वाकला नाही, कुणाच्या ताब्यात गेला नाही," असं त्यांनी पहिल्याच पानावर लिहून पाठवलं होतं. अंगाचं रेखाटन त्यांच्याच कुणाचं तरी. माझ्याकडे आलं ते त्याच्या अंगावरचे केस चितारायचं काम. कपाळावरची झुपकेदार बट, गळ्याखालची आयाळ, वशिंडावरची आखूड लव, कानातले पांढरे केस. बावीस दिवस मी दुसरं काही केलं नाही. भोकरदनपासून सात किलोमीटरवरच्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत, जुन्या संगणकासमोर, पेन टॅब्लेटवर केस न् केस ओढत बसले.

सर पडद्यावर आले. मागे काचेची भिंत, हातात कॉफी.

"काम सुंदर आहे," ते म्हणाले. "तोच प्रश्न आहे."

मला वाटलं, गंमत करतायत. मी हसलेसुद्धा. आता ते हसणं आठवलं की स्वतःचाच राग येतो.

"आम्ही तुमचं चित्र तपासलं. आमच्याकडे एक प्रोग्राम आहे. तो म्हणतो, हे ब्याण्णव टक्के यंत्राने काढलेलं आहे. तुम्ही एआयला सांगून करून घेतलंय का? खरं सांगा, मी रागावणार नाही."

तळपायाची आग मस्तकात गेली. चित्र माणसाने काढलं की यंत्राने, हे ठरवायलाही यांनी यंत्रच बसवलं होतं! आणि हे रागावणार नाहीत म्हणे. रागवायचं कुणी, हेच उलटं झालं होतं.

"सर, एकेक केस मी हाताने काढलाय."

"मग लेयर पाठवा."

लेयर म्हणजे चित्राचे थर. खाली सावली, तिच्यावर बटा, बटांवर सुटे केस, असे एकावर एक. पण माझा संगणक वीस थरांच्या पुढे गेला की गोठतो, आणि आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा भरोसा नाही. म्हणून दहा-बारा थर झाले की मी ते एकात एक मिसळून टाकते आणि फाइल जतन करते. पहिल्याच महिन्यात अख्ख्या सिंहाची आयाळ लाइटीसोबत गेली, तेव्हापासूनची ही सवय. हे सगळं मी त्यांना सांगितलं.

"म्हणजे पुरावा नाही," सर म्हणाले. "हे बघा ताई, आमच्याकडे चांगल्या चांगल्या कॉलेजांतून शिकून आलेली मुलं आहेत. त्यांनाही असे केस जमत नाहीत. आणि तुम्ही तिथं, भोकरदनला..."

पुढचं वाक्य त्यांनी कॉफीबरोबर गिळलं. गिळलं तरी मला ऐकू आलं. त्यांच्या मुलांना जमत नाही, हा माझ्याविरुद्धचा पुरावा!

मी केस कुठं शिकले हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. भोकरदनच्या काकासाहेबांच्या फ्लेक्सच्या दुकानात चार वर्षं होते मी. वाढदिवसाच्या बॅनरवर पुढाऱ्यांच्या टकलावर केस काढायचे. एकेकाला इतके दाट केस दिलेत की घरच्यांनी ओळखलं नसेल. केस टोपी ठेवल्यासारखे दिसले की गिऱ्हाईक बॅनर परत आणायचं, आणि काकासाहेब सगळ्यांदेखत ओरडायचे. तिथंच समजलं की केस काढायचे नसतात, आधी डोक्याचा उतार काढायचा असतो. आणि जनावराची लव तर मी त्याच्याही आधी शिकले होते, नानांकडून.

"गुरुवारी खेळातल्या कलाकारांची यादी पक्की होणार," सर म्हणाले. "तोपर्यंत तुम्ही काही सिद्ध करू शकलात तर बघू. नाहीतर वृषांगपुढे तुमचं नाव घालता येणार नाही. चित्र मात्र आम्ही वापरू, तुम्ही तसं लिहून दिलेलं आहे."

म्हणजे चित्र चांगलं. वापरण्याइतकं चांगलं. फक्त माझं नाही. चार वर्षं मी दुसऱ्यांच्या डोक्यावर केस काढले, त्याखाली दुकानाचं नाव असायचं. वृषांगखाली पहिल्यांदा 'वंदना भागवत तळेकर' असं येणार होतं. ते नाव मला हवं होतं. त्या नावासाठी मी बावीस दिवस मान मोडून घेतली होती.

कॉल संपला तशी मी खुर्ची इतक्या जोरात मागे सारली की ती भिंतीवर आदळली. नाना ओसरीतून आत आले. नाना म्हणजे माझे वडील, भागवत तळेकर. बैल घ्यायचा झाला तर पंचक्रोशीतली माणसं त्यांना भोकरदनच्या बाजारात सोबत नेतात. नाना बैलाचे दात नंतर बघतात. आधी डोळे मिटतात आणि मानेपासून शेपटीपर्यंत हात फिरवतात. लव कुठं बसते, कुठं उठते, कुठं भोवरा फिरतो, कुठं हाताला खरखर लागते. लहानपणी ते माझा हात हातात धरून फिरवायचे. केस मी डोळ्यांनी शिकलेच नाही, तळहाताने शिकले.

"काय झालं माय? कोणावर चिडून राह्यली?"

मी सगळं सांगितलं. एआय म्हणजे काय हे सांगायला वेळ लागला, पण बाकीचं त्यांना लगेच कळलं.

"म्हणजे तुह्या हातचं हाय, अन् ते म्हणतात तुहं न्हाई?"

"हो नाना."

"दाखव बरं."

मी वृषांग पडदाभर मोठा केला. नानांनी चष्मा लावला, वाकले, कपाळ बघितलं, आयाळ बघितली. मान हलवली. मग मानेपाशी, वशिंडाच्या पुढं, त्यांचं बोट थांबलं.

"ह्याला औताला कवा जुपलं होतं?"

आधीच डोकं तापलेलं. "नाना, हा बैल न्हाई! राजा हाय जंगलाचा. ह्याला कुणीच कधी जुपलेलं न्हाई. तसं लिहून दिलंय त्यांनी."

"लिहू दे की. मंग हा घट्टा कशाचा?"

मी बघितलं.

वशिंडाच्या पुढं तळहाताएवढी जागा होती. तिथली लव झिजलेली, कातडी जाड, राखाडी. कडेचे केस उलटे फिरलेले. उजवीकडे जास्त उतरलेला, तिरका पट्टा. तो पट्टा मी काढला होता. किती निगुतीने काढला होता! चार तास गेले होते त्यात, मला आठवत होतं. आणि त्या चार तासांत एकदाही मनात आलं नाही की हे जू आहे. जुवाचा घट्टा आहे. मला ती बैलाची मान वाटत होती. मान अशीच असते.

"हा तर आपल्या पोवळ्याचा खांदा हाय," नाना म्हणाले. "पोवळ्या जोडीदारापेक्षा चार बोटं उंच. जू तिरकं बसतं, म्हणून उजवीकून जास्ती खाल्लंय. बराबर काढलंय तू."

मला आधी लाज वाटली. कुणापुढे न वाकलेल्या राजाच्या मानेवर मी जू घासून ठेवलं होतं. असली चूक कोणी करावी? मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. असली चूक कोणी करावी? मीच! पोवळ्याच्या दावणीला वाढलेलीनेच.

बुधवारी अकराला मी सरांना कॉल लावला, तो संगणकावरून नाही, मोबाइलवरून. गोठ्यातून.

"ताई, हे काय? तुम्ही कुठं आहात?"

"गोठ्यात, सर. तुमच्यासमोर वृषांगचं चित्र उघडा. खांदा मोठा करा. केला? आता इकडं बघा."

नानांनी पोवळ्याची वेसण धरली. मी मोबाइल त्याच्या मानेजवळ नेला. पोवळ्याने आधी जिभेने पडदा चाटला, त्यात थोडा वेळ गेला. मग घट्टा दिसला. तिरका. उजवीकडे उतरलेला. डावीकडच्या कडेला मुगाच्या दाण्याएवढा पांढरा डाग, जुनी जखम भरून आलेला.

"डाग दिसतो का सर? तुमच्या राजालाबी हाय. बघा."

सर पडद्याकडे वाकले.

"तुम्ही पहिल्या पानावर लिहिलंय, ह्याला कुणी बांधलं न्हाई. मंग तुमच्या यंत्राला ह्या गोठ्याचा पत्ता कोणं दिला? माझ्या बैलाच्या खांद्यावरचा डाग त्याला कसा ठाऊक?" रागात माझी पुस्तकी बोली केव्हाच सुटली होती. सुटू दे म्हटलं. "चूक हाय ती. माझी चूक हाय. पण माझी हाय!"

मग सर म्हणाले, "ठीक आहे. पटलं."

पटलं! तीन दिवस मी जळत होते, आणि यांना पटलं. चुकलो, माफ करा, असलं काही येईल म्हणून मी थांबले. आलं ते वेगळंच.

"नाव घालतो. पण दोन गोष्टी. एक, हा खांदा चुकीचा आहे, उद्यापर्यंत दुरुस्त करा. राजाच्या मानेवर असली खूण चालणार नाही. आणि दोन, यापुढे काम करताना तुमचा पडदा पूर्ण वेळ रेकॉर्ड व्हायला हवा. आम्ही एक सॉफ्टवेअर पाठवू. तुम्ही कधी बसलात, कधी उठलात, सगळं आम्हाला दिसेल. तुमच्याच संरक्षणासाठी."

"हा नियम सगळ्यांना हाय का?"

"सध्या फक्त तुम्हाला."

"पुण्यातल्या पोरांना?"

"ती आमच्या डोळ्यांसमोर असतात हो."

नाना वेसण धरून ऐकत होते. माझा हात पोवळ्याच्या घट्ट्यावर होता. खरखरीत, बैलगाडीच्या चाकावरच्या लोखंडी धावेसारखा.

"सर, खांदा मी दुरुस्त करते. ती माझी चूक हाय. पण ते सॉफ्टवेअर मी घेणार न्हाई. सगळ्यांना लावा, मंग मलाबी लावा. एकटीला न्हाई. खोटं तुमचं यंत्र बोललं, अन् पहारा माझ्यावर?"

"मग नावाचं मला विचारावं लागेल वरती."

"विचारा. नाव माझंच हाय. तुम्ही घातलं तरी अन् न घातलं तरी."

मी कॉल तोडला. एवढी फुशारकी मारली खरी, पण नाव मला हवंच होतं. नानांना ते दिसलं असावं. ते म्हणाले, "बरं बोललीस. बिलकुल बरं बोललीस," आणि पोवळ्यापुढं कडबा टाकायला लागले.

गुरुवारी सकाळी मेसेज आला. "यादीत नाव घातलं आहे. रेकॉर्डिंगचा विषय तूर्त नाही. खांदा दुपारपर्यंत पाठवा." खाली यादीचा फोटो. वृषांग, केस आणि लव: वंदना भागवत तळेकर. माफीचा एक शब्द नाही. मी तीनदा वाचलं, कुठं सुटला असेल तर म्हणून. सुटला नव्हता. लिहिलाच नव्हता. माझ्या नावाचा आनंदसुद्धा या माणसांनी मला धड होऊ दिला नाही.

चिडतच पेन उचललं. घट्टा पुसला. राखाडी गेली, डाग गेला. आता तिथं केस काढायचे. ब्रश बारीक केला, पेन टेकवलं आणि हात थांबला.

तिथं केस कसे असतात?

वशिंडाच्या पुढं लव खाली येते की आडवी जाते? मानेच्या शिरेवर दुभंगते का? मी डोळे मिटले, तळहात आठवून बघितला. तळहाताला खरखरच आठवली. सत्तावीस वर्षं बैलांत काढली मी. त्यांच्या पापण्यांचे केस मला पाठ आहेत. पण जुवाखालची जागा केसांसकट मी कधी नीट बघितलीच नव्हती. नाना माझा हात फिरवायचे ते औताच्या बैलांवर, आणि त्यांची ती आधीच झिजलेली असायची. आणि त्या जागेचं मला कधी काही वाटलं नव्हतं, याचा जेवढा राग मला त्या क्षणी आला तेवढा सोमेश्वर सरांचाही आला नाही.

मी ओसरीत आले. "नाना, खांद्यावरची लव कशी असते? जुपायच्या आधी?"

नाना उठले आणि गोठ्याच्या कोपऱ्यातल्या गोऱ्ह्याकडे गेले. दोन वर्षांचा, तांबूस, अजून नाव न ठेवलेला. त्यांनी माझं मनगट धरलं, लहानपणी धरायचे तसं, आणि माझा तळहात त्याच्या वशिंडाच्या पुढं ठेवला. मऊ. इतकी मऊ लव मी कुठल्याच बैलावर बघितली नव्हती. दोन्ही बाजूंनी येऊन मधोमध मिळत होती, आणि मिळाल्या जागी एक लहानसा भोवरा फिरत होता.

"इथं भोवरा असतो?" मी विचारलं.

"असतो काहींना," नाना म्हणाले. "नीट बघून घे माय. पाडव्याला ह्याला औताला धरायचा हाय. मंग न्हाई दिसायचा."

गोऱ्हा मान वळवून माझी बाही चावायला लागला. दुपार व्हायला अजून दोन तास होते. मी हात उचलला नाही.