हॅन्डलवरचं हळदकुंकू

या, मित्रांनो, जरा जवळ या. शेडखाली दोन सीटची, दोन हॅन्डलची आणि पेडलच्या दोन जोड्यांची लांबलचक हिरवी सायकल उभी आहे ना, तीच मी. मला टँडेम म्हणतात. रंग उडालाय, घंटीचा घसा बसलाय, हे मान्य. पण म्हातारी म्हणाल तर खबरदार! अजूनही दोन धडधाकट माणसांना घेऊन जंगलातली चढण चढते मी.

माझा जन्म एका छोट्याशा वर्कशॉपमध्ये झाला. एका जोडप्याने मला मोठ्या हौसेने घेतलं आणि नदीकाठाने खूप फिरवलं. पुढे दोघांचे गुडघे दुखायला लागले आणि माझी रवानगी घराखालच्या केलरमध्ये झाली. तळघरच ते. ओल, अंधार आणि कोळी! कितीतरी हिवाळे कुणी ढुंकून पाहिलं नाही. शेवटी त्या जोडप्यातल्या आजोबांनाच कीव आली. त्यांनी मला पुसलं, चेनला तेल दिलं आणि जर्मनीतल्या आमच्या डार्मश्टाट गावातल्या एका टागेसक्लिनिकला देऊन टाकलं. मनाच्या आजारांचा हा दवाखाना. इथे माणसं दिवसभर उपचार घेतात आणि संध्याकाळी आपापल्या घरी जातात.

दवाखान्यात सायकलीचं काय काम, असं मलाही वाटलं होतं. पण इथे व्यायाम शिकवणाऱ्या फ्राउ केसलर, म्हणजे केसलरबाई, मला पाहून टाळ्या पिटायला लागल्या. त्यांची पद्धत साधी. पुढे त्या बसणार, मागे पेशंट. मागच्याने पेडल मारलंच पाहिजे असं नाही, कारण पुढची पेडलं फिरली की मागचीही फिरतात. नुसते पाय ठेवले तरी चालतं. आणि मागे वळून "आता बरं वाटतंय का?" असं त्या कधीच विचारत नाहीत. म्हणतात, "विचारलं की माणूस उगाच खोटं हसतो."

माझ्यावर कोण कोण बसलं म्हणून सांगू! कानात नसलेले आवाज ऐकू येणारे एक गृहस्थ बसले. घराबाहेर पडायच्या नुसत्या विचाराने घामाघूम होणाऱ्या एक बाई बसल्या. सगळ्यांना मी सुखरूप परत आणलं. सांगताना ऊर भरून येतो बघा.

मग आली देवश्री. पुण्याची हुशार मुलगी, इथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत पीएचडी करणारी. तिला डिप्रेशन झालं होतं. आळस नव्हे हं, मित्रांनो! सकाळी दात घासायचे म्हटलं तरी तिच्या अंगात त्राण नसायचं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि फ्राउ केसलरांकडेही पाठवलं. ती मागे बसायची. पाय पेडलवर असायचे, पण जोर शून्य. चेनमधून मला सगळं कळतं, मला कुणी फसवू शकत नाही. असे कितीतरी दिवस गेले. एका सकाळी तळ्यापुढच्या चढावर मागचं पेडल दाबलं गेलं. हलकंच, पण दाबलं गेलं! फ्राउ केसलरांनाही ते पायाखाली जाणवलं. त्या वळल्या नाहीत, फक्त "गेनाऊ!" म्हणाल्या. अगदी बरोबर! त्या दिवशी मी असल्या तोऱ्यात शेडमध्ये शिरले की बाकीच्या सायकली बघत राहिल्या.

तेवढ्यात देवश्रीची आई, वासंतीकाकू, तीन महिन्यांसाठी लेकीकडे आल्या. लेक आमटीभात मागून घेते हे पाहून त्यांना कोण आनंद झाला! दसऱ्याला त्या थेट क्लिनिकच्या अंगणात हजर. वाहनाची पूजा नको का करायला? त्यांनी माझ्या हॅन्डलला हळदकुंकू लावलं, फुलवाल्याकडून आणलेला झेंडू अडकवला आणि सीटवर पेढा ठेवला.

"आई, अगं लोक बघतायत," देवश्री कुजबुजली.

"बघू देत की! हिने माझी लेक परत आणली." काकूंचे डोळे भरले होते. मग त्या म्हणाल्या, "देवू, आता त्या गोळ्या बंद कर बाई. आपल्या घराण्यात कुणी घेतल्यात का असल्या गोळ्या? ही लक्ष्मी आहे ना! रोज तासभर चालव, बास झालं."

देवश्रीलाही गोळ्यांचा कंटाळा आला होता. ती "बरं" म्हणाली. डॉक्टरांना काही सांगायचं नाही, असंही मायलेकींचं ठरलं. अहो काकू, माझं कौतुक करा, पण भलतंच ओझं घालू नका, असं मला ओरडायचं होतं. पण कुणी घंटी दाबल्याशिवाय सायकलीला बोलता येतं का? फ्राउ केसलर शेजारीच उभ्या होत्या, पण त्यांना मराठी कुठे कळतं! त्या बापड्या पेढा खात हसत होत्या.

काही आठवड्यांतच मागचं पेडल पुन्हा हलकं झालं. मग देवश्री यायचीच बंद झाली.

एका दुपारी काकू एकट्याच आल्या. चेहरा उतरलेला. अंगणातल्या बाकावर फ्राउ केसलरांशेजारी बसून मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "ती उठत नाही हो. काल म्हणाली, आई, मी नसले तर बरं. सायकल चालवूनही असं का झालं?"

"गोळ्या घेते ना?"

"बंद केल्या. मीच सांगितलं."

फ्राउ केसलर रागावल्या नाहीत. त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला आणि देवश्रीची त्याच संध्याकाळची वेळ घेतली. जेवणाची वेळ टळून गेली होती. काकूंनी डबा उघडला आणि सवयीने पर्समधली गोळी काढली.

"ही कशाची?" फ्राउ केसलरांनी विचारलं.

"डायबेटिसची."

"व्यायाम करता?"

"म्हणजे काय! रोज सकाळी फिरायला जाते. खाडा नाही."

"मग गोळी कशाला?"

"अहो, नुसत्या फिरण्याने कुठे भागतं? दोन्ही लागतं. डॉक्टरांनी बजावलंय..." काकू बोलता बोलता थांबल्या. मग पदराने तोंड झाकून रडल्या. "माझ्या शरीराला एक न्याय आणि पोरीच्या मनाला दुसरा? कशी गं मी आई!" आणि डबा तसाच टाकून त्या लेकीकडे धावल्या.

डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा बेताबेताने सुरू केल्या. देवश्री लगेच ठणठणीत झाली असं मी सांगणार नाही, खोटं बोलायची सवय नाही मला. पण ती परत आली. रोज तिच्यासोबत काकूही यायच्या, आणि काकूंच्या व्हिसाचे शेवटचे दिवस आले तेव्हा पुढच्या सीटवर देवश्री बसली. मागे काकू, साडी खोचून, डोळे गच्च मिटून.

"आई, पेडल मार की! सगळं मीच ओढतेय."

"मी पाहुणी आहे बाई. ओढ तू."

आणि देवश्री हसली, मित्रांनो! मोठ्याने, खळखळून. माझ्या पाठीवर आजवर कितीतरी माणसं बसली, पण त्या हसण्याइतकं मोलाचं ओझं मी दुसरं वाहिलं नाही.

म्हणून सांगते, माझ्या चेनला तेल द्या, टायरात हवा भरा, मी तुमची साथ सोडणार नाही. पण डॉक्टरांचं काम माझ्या गळ्यात घालू नका. आणि घरात कुणाचं मन आजारी असेल, तर दारातूनच "जरा व्यायाम कर, बरं वाटेल" असं सांगून निघून जाऊ नका. आधी स्वतःच्या पायात बूट घाला आणि म्हणा, "चल, मी पण येतो."