पंप सुरू झाले

सहा वर्षं कारखान्यातली केमिस्टबाई मालकांच्या मागे लागली होती, की तिथलं सांडपाणी साफ करणारे पंप रोज चालवा. मालक हसण्यावारी न्यायचे. "अगं, दंड भरतोच ना आपण? पंपांपेक्षा तो परवडतो." तपासणीच्या आदल्या दिवशी कुणीतरी फोन करून कळवायचं, मग तेवढ्यापुरते पंप घरघरायचे. एरवी कापड रंगवून उरलेलं लाल पाणी थेट नाल्यात.

नाल्याकाठी तिच्या भावाचं घर होतं. तोही त्याच कारखान्यात रंगाच्या हौदावर कामाला. त्याच्या विहिरीचं पाणी लालसर झालं होतं आणि पुतणीच्या अंगावर चट्टे उठले होते. बाईने सरकारी प्रदूषण मंडळाकडे दोनदा तक्रार केली. दोन्ही अर्ज फिरून मालकांच्याच टेबलावर आले.

मग एके दिवशी सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचा माणूस कारखाना बघायला आला.

"हे पंप रोज चालतात?" त्याने विचारलं.

"चोवीस तास!" मालक म्हणाले.

बाई तिथेच उभी होती. सकाळीच तिने पुतणीला रक्त येईस्तोवर खाजवताना पाहिलं होतं. ती पुढे झाली.

"खोटं आहे," ती म्हणाली. "आज आठ वाजता मीच सुरू केले. तुमची गाडी गेली की बंद होतील."

पाहुण्याने वही मिटली. आठवड्याभरात ऑर्डर थांबली. पंप रोज चालल्याचा पुरावा मिळेपर्यंत एक वार कापडही घेणार नाही, असं गिऱ्हाइकाने कळवलं. दंडाला, अर्जांना भीक न घालणाऱ्या मालकांनी त्याच दिवशी पंप सुरू केले. बाईला घरी बसवलं. ऑर्डर नाही म्हणून निम्म्या कामगारांनाही. त्यात भाऊ होता.

ती त्याच्या घरी गेली, तेव्हा तो उठून आत निघून गेला. वहिनी विहिरीवर होती.

"पंप चालू झालेत म्हणे?"

"हो, वहिनी. रात्रंदिवस."

"मग हे पाणी कधी निवळेल?"

रंग जमिनीत किती खोल मुरलाय, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. दहा वर्षं लागतील, कदाचित जास्तच. ती विहिरीत वाकून बघत राहिली.

"सांगा ना, वन्सं," वहिनी म्हणाली. "ह्यांचं काम गेलं ते गेलं. पोरीसाठी तरी सांगा."

बाई विहिरीच्या कठड्यावर मटकन बसली आणि हुंदके देऊन रडू लागली. वहिनीने काय ते ओळखलं. तिने पोहरा पुन्हा विहिरीत सोडला, कारण दुसरं पाणी नव्हतंच.