खाली उतरवलेलं गाणं

गाण्याच्या दुसऱ्याच ओळीला गिटारची सगळ्यात बारीक तार तुटली आणि गुरुदासच्या मनगटावर सपकन बसली. थांबावं म्हणून त्याने मान वर केली, तर समोर तांदूळ निवडत बसलेली मथुरा आपली डोलतेच आहे. बायकोची खोड काढायची हौस त्याला जुनीच, म्हणून तो तसाच वाजवत राहिला. गाणं होतं त्या तुटक्या तारेवर. आता उरले होते ते नुसते खालचे, आधाराचे सूर. शेवट झाला तशी मथुरेने सूप बाजूला ठेवलं.

"आज बरा वाजवलात," ती म्हणाली.

गुरुदास हसायचा राहिला.

गुरुदास जामसंड्याच्या हायस्कुलात क्लार्क होता. तरुणपणी सात वर्षं तो मुंबईला एका हॉटेलच्या बँडमध्ये होता. तिथे गोव्याच्या सांतान मास्तरांनी त्याला एकट्या गिटारवर जॅझ वाजवायला शिकवलं. चार सूर एकदम धरायचे, त्यांतला सगळ्यात वरचा तो गाण्याचा आणि बाकीचे तिघे त्याला सांभाळणारे. होडीत माणसं चारच, मास्तर म्हणत, पण कोण कुठे बसतो त्यावर होडीचा तोल बदलतो. पुढे वडील अंथरुणाला खिळले आणि तो गावी आला तो आलाच. गावाला गिटारचं काय कौतुक? ती ना भजनाच्या कामाची, ना वरातीच्या. वीस वर्षं ऐकणारी एकटी मथुराच. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याने तिच्यासाठी एक बिनशब्दांचं गाणं बांधलं होतं आणि दर रविवारी सकाळी तो ते वाजवत असे. तिने ऐकलं की तो भरून पावत असे.

सोमवारी तो देवगडला कानाच्या डॉक्टरांकडे गेला.

"वहिनी पावसाच्या आधीच येऊन गेल्या. तुम्हाला सांगितलं नाही त्यांनी?" डॉक्टरांनी उलट त्यालाच विचारलं. मग त्यांनी नीट समजावलं. वरचे, बारीक आवाज आधी जातात आणि तिचे ते गेले होते. खालचे अजून येत होते, पण वर्षभरात तेही जातील. यंत्राने फारसं साधणार नाही. म्हणजे इतके महिने ती त्याचे ओठ बघून बोलत होती आणि बोटं बघून डोलत होती. गुरुदासला आधी तिचा राग आला. मग भर बाजारात सायकल हातात धरून तो रडला.

नवी तार त्याने आणलीच नाही. गाणंच खाली, तिला अजून ऐकू येणाऱ्या जाड तारांवर उतरवायचं त्याने मनाशी धरलं.

हे करू नकोस म्हणून मास्तरांनी बजावलेलं होतं. जाड तारांवर सूर दाटीने बसवले की आवाजाची पेज होते. मग गुरुदासने एकेक कॉर्ड, म्हणजे एकदम धरायचा तो सुरांचा जुडगा, उलटापालटा करून पाहिला आणि गाण्याचा सूर तळाला येईल असा ठेवला. मधली एक तार न छेडता सोडली आणि वर दोनच सूर, तेही हलक्या हाताने. शाळा सुटल्यावर कागदपत्रांच्या खोलीत त्याची ही खटपट चाले. शिपाई परशुराम म्हणे, क्लार्कांका म्हातारचळ लागलो. पन्नाशीची बोटं सुजली, पण दोन महिन्यांत गाणं अखेर खाली बसलं.

चौऱ्याऐंशी सालच्या दिवाळीआधीचा तो रविवार. त्याने वाजवायला घेतलं आणि दुसऱ्या ओळीला मथुरेचा सुपातला हात थांबला. आज ती बोटांकडे बघत नव्हती, त्याच्या तोंडाकडे बघत होती. ती खूश होईल असं त्याला वाटलं होतं. तिचे डोळे भरून आले.

"तुमका कधी कळला?"

त्याने तुटलेल्या तारेचं सांगितलं.

"माझ्याशिवाय तुमचा आयकता कोण?" ती म्हणाली. "म्हणान मी बोललंय नाय."

गुरुदासला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने इतके महिने त्याच्यासाठी जपलेलं त्याने एका गाण्यात उघडं पाडलं होतं.

"आता हो खालचो आवाजय जातलो मां?" तिने विचारलं. डॉक्टरांनी तिला सगळं सांगितलेलंच होतं. खोटं बोलणं त्याच्याने झालं नाही. त्याने मान हलवली.

मथुरेने पदराने डोळे पुसले, ती उठली आणि गिटारला गुडघा लागेल इतक्या जवळ येऊन बसली.

"मगे परत वाजवा. माका पाठ करूचा आसा."

त्याने परत वाजवलं. ती डोळे मिटून ऐकत होती. संपलं की नुसतं बोट वर करी, आणि तो पुन्हा पहिल्यापासून धरी. एकदा वाजवलं तसंच पुन्हा वाजवण्यात त्याला जन्मभर कमीपणा वाटत आला होता. दरवेळी नवी जागा, नवी वळणं, त्याशिवाय जॅझ कसलं? त्या दिवशी चूल पेटायला दुपार झाली. तोवर गुरुदासने ते गाणं अकरा वेळा वाजवलं, आणि एकदाही त्यातला एकही सूर इकडचा तिकडे होऊ दिला नाही.