सरूच्या अंगाचे टाके

मित्रांनो, मी मंठाळ गावातल्या एका घरातली जुनी वाकळ आहे. सरूबाईने आपल्या लग्नाच्या लुगड्याला सासूचं, म्हणजे कोंडाबाईचं, विरलेलं लुगडं जोडून मला शिवलं. टाके इतके बारीक, की गल्लीतल्या बाया माझ्यावरून हात फिरवत म्हणायच्या, "अगं बया, किती गं मऊ!" मी फुगून जात असे. कौतुक कुणाला नको असतं?

पुढे त्या घराने बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, देव्हारा उतरवला. काही वर्षांनी, साल एकाहत्तर असेल, सरूच्या तोंडात फोड आले. मग पाठीवर, छातीवर. नुसतं बोट घासलं तरी कातडी निघायची. झालं! शेजारची नागूबाई दारातूनच म्हणाली, "तुमी देवीला सोडलाव, आता ती तुमाला सोडंल व्हय?"

कोंडाबाईला ते पटलं. तिने सुनेचं अंथरूण गोठ्यात हलवलं आणि भाकरी लांबून सरकवू लागली.

"आत्याबाई, मला कामून असं टाकलाव?" सरू रडायची.

"देवीची माफी माग, मग येते जवळ."

"मरंन, पर माघारी फिरणार न्हाई."

मी तिच्या उघड्या पाठीला चिकटायचे आणि निघताना कातडी सोलून आणायचे. मला माझीच किळस यायची हो!

शेवटी नवऱ्याने, भीमराजने, तिला माझ्यात गुंडाळून गुलबर्ग्याच्या दवाखान्यात नेलं. कोंडाबाईही मागोमाग आली, पण दारापाशीच थांबली. डॉक्टर वीरभद्रप्पांनी आधी मला बाजूला काढलं आणि सरूला केळीच्या पानांवर निजवलं. राग आला मला! पण पान जखमेला चिकटत नाही, हे खरंच.

मग माझा एक टाका ओढून दाखवत डॉक्टर सरूला म्हणाले, "अक्का, कातडीतल्या पेशी अशाच एकमेकींना धरून असतात. अंगातले राखणदार चुकून घरच्यांनाच चोर समजायलेत आणि टाके तोडायलेत. पेशी मरायल्यात. ही देवी न्हाई, दुसऱ्याला लागणारा रोगबी न्हाई."

"मरत्यात म्हनून सुटत्यात, का सुटल्या म्हनून मरत्यात?" भीमराजने विचारलं.

डॉक्टरांनी हातातला टाका सोडून दिला. "ते अजून आमालाबी पुरतं कळलं न्हाई, अण्णा."

गोळ्यांनी राखणदार हळूहळू निवले. नवे फोड थांबले. तरी सरू घास घेईना. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. डॉक्टर म्हणाले, अशानं हाती लागणार नाही.

तेव्हा इतके दिवस दारापाशीच बसून राहिलेली कोंडाबाई आत आली. खाटेवर सुनेला खेटून बसली. दुधात कुस्करलेला घास तिने बोटांनी पुढे धरला. "खा गं माय. देवीचं जाऊ दे. म्याच भ्याले व्हते."

सरूने वळून बघितलं आणि तोंड उघडलं.

सरू वाचली, मित्रांनो. पेशींचं मला वाकळीला काय कळणार! पण माणूस आपल्या माणसांपासून तुटलं, की जगायचं सोडून देतं, हे मी पाहिलं आहे. तुमच्या घरी कुणी आजारी पडलं, तर डॉक्टरला दाखवा आणि त्याच्याजवळ जाऊन बसा.