अर्धं उखळ

सुंदरराव देशमुखाचं नाव निघालं की आजही माझ्या तोंडचं पान कडू होतं. पण सगळा दोष एकट्या त्याच्या माथी मारून मी मोकळा होणार नाही. त्यात माझाही हात आहे.

पिंपळटाकळी हे जहागिरीचं गाव, दिंद्रुडपासून तीन कोसांवर. जहागीरदार हैदराबादेत, आणि इथला सगळा कारभार सुंदररावाच्या हाती. मोठ्या दुष्काळात तिथला बाजार मोडला तो दहा-बारा वर्षं भरलाच नाही. मिठाच्या खड्यासाठीसुद्धा माणूस दिंद्रुडला जाई. मग सुंदररावाने कौल दिला. जो कोणी पिंपळटाकळीत दुकान मांडील त्याला पाच वर्षं पट्टी नाही, वेठ नाही, फुकट जागा. कागदावर जहागिरीची मोहर होती. तेवढ्याने लोकांची खात्री पटेना, म्हणून महादेवाच्या पायरीवर त्याने सर्वांसमक्ष बेलभंडार उचलला. बेलभंडार उचलून शब्द फिरवणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

मी राधाकिशन, कापडवाला. माझं दुकान म्हणजे दोन गाठोडी आणि एक तट्टू. मी तिथं गेलो यात कसला आलाय पराक्रम? जीव ओतून आली ती छबुबाई, युसूफ वडगावची तेलीण. तिचा नवरा दुष्काळात गेलेला. कौलाची गोष्ट मीच तिच्या कानावर घातली होती. "देशमुखाचा शब्द पक्का आहे, बिनघोर या," असं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. तिने अंगावरचं किडूकमिडूक मोडलं आणि सुग्रीव वडाराकडून घाण्याचं दगडी उखळ घडवून घेतलं. आठ बैल लावून ते आणलं. असलं उखळ छातीइतकं जमिनीत पुरावं लागतं, नाहीतर बैल फिरू लागला की ते हलतं. पुरायची जागा सुंदररावाने स्वतः दाखवली, नारळही त्यानेच फोडला.

"छबुबाई, आता तुमी गावच्या झालात," म्हणाला.

दोन वर्षांत बाजार असा भरू लागला की करडईच्या तेलासाठी दिंद्रुडचे लोक आमच्याकडे येऊ लागले. झालं, सुंदररावाच्या पोटात दुखायला लागलं. तिसऱ्या वर्षी जहागीरदाराच्या घरी लग्न निघालं आणि नजराणा पाठवायचा म्हणून त्याने आम्हाला चावडीवर बोलावलं. यापुढे दर बाजाराला प्रत्येकाने पट्टी द्यायची. मी कौलाचा कागद पुढे केला. त्याने पाहिलासुद्धा नाही.

"ते तवाचं, शेट. तवा गाव उजाड व्हतं. आता तुमचं बरं चाललंय न्हवं?"

म्हणजे आमचं बरं चालणं हाच आमचा गुन्हा! अरे, बरं चालावं म्हणूनच बोलावलं होतंस ना आम्हाला?

त्याच आठवड्यात आम्ही बारा दुकानदारांनी दिंद्रुडला जायला गाठोडी आवळली. सर्वांत पुढे मी. छबुबाई घाण्यापाशी उभी होती.

"शेट, मी कागद बघून आले न्हाई. मला वाचता कुटं येतंय? तुमी सांगितलं म्हून आले."

 मी तट्टू हाकलं. मागून सुंदररावाचं हसणं ऐकू आलं, "जाऊ द्या त्यान्ला. उखळ कुटं जातंय?"

आणि त्या हरामखोराने आम्हा बारा जणांची पट्टी तिच्या एकटीच्या तेलातून वसूल करायला सुरुवात केली. ज्यांना पळता येत होतं ते आम्ही सुटलो. जिने मुळं धरली तिच्याच मानेवर जू!

चार महिन्यांनी तिचा निरोप आला, गाडी घेऊन या. मी गेलो. सुग्रीवने उखळाभोवती खड्डा खणून ठेवला होता. तेवढ्यात सुंदरराव दोन गडी घेऊन आला.

"जमिनीत पुरलेलं ते जमिनीच्या धन्याचं. उखळ जहागिरीचं हाय. हात लावायचा न्हाई."

माझं डोकं फिरलं. "नारळ फोडलात तेव्हा का नाही सांगितलं?" मी ओरडलो. छबुबाईने मला बाजूला सारलं.

"सुग्रीव, फोड ते."

"बाई, माज्या हातचं हाय."

"माज्या घामाचं हाय. फोड."

सुग्रीवने दगडाची शीर हाताने चाचपली, छिन्नी लावली आणि डोळे पुसून घण उचलला. तिसऱ्या घावाला उखळ उभं चिरलं.

"घ्या देसमुख," छबुबाई म्हणाली. "अर्धं जहागिरीचं, अर्धं माजं. काडा त्यात तेल."

 आम्ही तिच्या अर्ध्याला पहारी लावल्या तेव्हा सुंदररावाचेच गडी दोर धरायला पुढे आले.

ते अर्धं उखळ दिंद्रुडला माझ्या दुकानापुढे पडलं. छबुबाई दुसऱ्याच्या घाण्यावर रोजाने राबते आणि बाजारच्या दिवशी त्याच दगडावर बसून तेल विकते.

वर्षभराने सुंदरराव दिंद्रुडच्या बाजारात आला. पिंपळटाकळीच्या बाजारात बाभळी उगवल्या होत्या. हातात नवा कौल, या खेपेला दहा वर्षांचा, आणि दुसऱ्या हातात बेलभंडार. दुकानादुकानापुढे थांबून तो हात जोडत होता. कोणी हो म्हणेना, नाही म्हणेना. सगळे छबुबाईकडे बघत होते.

ती दगडावरून उठली.

"बेल लई हलका आसतो, देसमुख. हे उचला. उचललं तर आमी समदे येतो."

तो दगडाकडे बघत राहिला, मग खाली मान घालून निघून गेला. बाजार हसला. मीही हसलो.

छबुबाई हसली नाही. ती माझ्याकडे वळली.

"तुमचा शबुद बी ह्या दगडासंगंच फुटलाय, शेट," म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तेल मापू लागली.